विजेच्या लाटेपासून टीव्ही, राऊटर आणि संगणक वाचवणारी पेटी घरी कशी बांधावी: मराठवाड्याच्या जमिनीचा विचार करून

मराठवाड्यात आकाशातली वीज मुख्यतः दोन हंगामांत कडाडते. पहिला हंगाम वळवाच्या पावसाचा, म्हणजे वैशाखापासून मृग लागेपर्यंतचा, आणि दुसरा परतीच्या पावसाचा, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या आगेमागे. यांपैकी पहिला हंगाम घरातल्या उपकरणांसाठी अधिक घातक ठरतो, कारण त्या दिवसांत जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते, काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि घरामागे गाडलेल्या अर्थिंगच्या सळईभोवतालची माती सळईपासून सुटलेली असते. अर्थिंगची गरज ज्या महिन्यात सर्वाधिक, त्याच महिन्यात ते सर्वांत दुबळे असते. पुढे सांगितलेली पेटी एका दुपारी बांधून होते, परंतु ती जिच्या आधारावर काम करते ती जमीन तयार केली नाही, तर पेटीचे निम्मे काम वाया जाते. म्हणून या लेखात अर्थिंगला पेटीइतकीच जागा दिली आहे.

दोन वर्षांपूर्वी रोहिणी नक्षत्रात माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि राऊटर एकाच कडकडाटात गेले. वीज घरावर पडली नव्हती. ती शिवारातल्या एका झाडावर पडली होती. ‘स्पाइक गार्ड’ असे छापलेला एक्स्टेन्शन बोर्ड वापरात असूनही असे का झाले, हे पाहण्यासाठी मी तो बोर्ड उघडला. आत फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये डाळीच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एकच चकती होती. भिंतीतले सॉकेट उघडले, तर अर्थच्या मोठ्या छिद्रामागे तारच जोडलेली नव्हती. शिवाय गच्चीवरच्या डिशची केबल कोठेही न अडवता थेट सेट-टॉप बॉक्समध्ये आली होती. ज्या घरांत विजेने नुकसान होते, त्यांतल्या बहुतेक घरांत या तीनपैकी किमान एक उणीव सापडते, असा माझा अनुभव आहे.

लाट घरात कशी शिरते

थेट घरावर पडणाऱ्या विजेतला प्रवाह साधारणपणे ३० हजार अँपिअरच्या घरात असतो आणि तो अडवण्याची ताकद घरी बांधलेल्या कोणत्याही वस्तूत नाही, हे आधीच स्पष्ट असावे. मात्र बहुतेक नुकसान थेट आघाताने होत नाही. वीज शेजारी किंवा डीपीपासून येणाऱ्या तारांच्या जवळ पडली, की त्या तारांमध्ये काही हजार व्होल्टची लाट निर्माण होते आणि ती काही मायक्रोसेकंदांत घरात येऊन संपते. स्टॅबिलायझर या लाटेला अडवू शकत नाही. त्याच्या रिलेला हालायलाच काही मिलिसेकंद लागतात आणि तोपर्यंत सारे घडून गेलेले असते. काही गावांत ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या इमारतीवर वीज अटकाव यंत्रणा उभी केलेली असते. ती जीव वाचवण्यासाठी मोलाची आहे, परंतु तिने झेललेल्या विजेमुळेही आसपासच्या तारांत लाट उठतेच.

आपल्या पेटीचे तत्त्व सोपे आहे. फेज, न्यूट्रल, अर्थ आणि डिशची केबल यांपैकी एकाच तारेचा दाब (व्होल्टेज) अचानक वाढला आणि बाकीच्यांचा जागेवर राहिला, तर तो फरक उपकरणाच्या पोटातून वाट काढतो आणि उपकरण जळते. सगळ्या तारा एकाच ठिकाणी अशा बांधल्या की लाट आल्यावर त्या मिळून वर जातील आणि मिळून खाली येतील, तर उपकरणाला फरक जाणवत नाही. हे बांधण्याचे काम धातूच्या ऑक्साइडची चकती करते, जिला बाजारात एमओव्ही किंवा व्हॅरिस्टर म्हणतात. नेहमीच्या दाबाला ती जवळजवळ बंद दारासारखी असते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती नॅनोसेकंदांत उघडते आणि लाट ओसरल्यावर पुन्हा बंद होते.

आधी अर्थिंग

खेड्यापाड्यांत अर्थिंग तपासण्यासाठी फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून पाहण्याची रीत आहे आणि तो लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम असे समजले जाते. हा निष्कर्ष चुकीचा आहे. १०० वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध सुमारे ५३० ओहम असतो. अर्थिंगचा रोध ५० ओहम, म्हणजे अगदी वाईट असला, तरी त्या बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. बल्बची ही रीत धोक्याचीही आहे, म्हणून ती सोडून द्यावी. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजणी करून घ्यावी, आणि ती पावसाळ्यात न करता एप्रिल-मे महिन्यात करावी. त्या दिवसांत १० ओहमच्या आत आकडा आला तर समाधान मानावे. ५ च्या आत आला तर फारच चांगले.

मराठवाड्याची जमीन या बाबतीत दोन टोकांची आहे. ओल्या काळ्या मातीची विशिष्ट रोधकता (माती विजेला किती अडवते त्याचे माप) १० ओहम-मीटरच्या आसपास असते आणि तीत ३ मीटरची एक सळई उभी गाडली तर रोध ३ ते ४ ओहम येतो. तीच सळई १०० ओहम-मीटरच्या मुरमात गाडली तर रोध ३३ ओहमच्या आसपास जातो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात तर हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली लगेच काळा पाषाण लागतो, तेथे ३ मीटर खोल जाणेच शक्य होत नाही. अशा ठिकाणी हट्टाने उभा खड्डा घेण्याऐवजी पाऊण मीटर खोल आणि १० मीटरच्या आसपास लांब चर खणून त्यात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आडवी पुरावी, किंवा जेवढ्या खोल जातील तेवढ्या दोन-तीन सळया एकमेकींपासून किमान ३ मीटर अंतरावर ठोकून त्या पट्टीने जोडाव्यात.

सळई तांब्याचा मुलामा दिलेली असावी आणि तिच्याभोवती बेंटोनाइटची भुकटी पाण्यात कालवून भरावी. मीठ आणि कोळसा भरण्याची जुनी पद्धत पहिली एक-दोन वर्षे चांगले आकडे दाखवते, पण मीठ पावसाबरोबर वाहून जाते आणि जाताना लोखंड खाऊन जाते. बेंटोनाइट आणि आपली काळी माती या एकाच कुळातल्या चिकणमाती आहेत. दोन्ही पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आक्रसतात. म्हणजे भुकटी भरली तरी ओल टिकवण्याची जबाबदारी आपल्यावर राहतेच. अर्थिंगची जागा न्हाणीच्या किंवा धुणे-भांड्यांच्या सांडपाण्याच्या वाटेवर निवडली, तर ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात तेथेही पिण्याचे पाणी त्यावर खर्च करावे लागत नाही. साबणाच्या पाण्याने काही बिघडत नाही. अक्षय तृतीयेपासून पाऊस स्थिरावेपर्यंत आठवड्यातून दोनदा दोन बादल्या पाणी तेथे मुरले पाहिजे. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला अर्थची तार गुंडाळण्याची सवय होती. आता नळ प्लास्टिकचे झाले आहेत आणि त्या तारेला काही अर्थ उरलेला नाही.

पेटीचे साहित्य

सारे सामान संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरसारख्या शहरांत इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळते आणि काही शे रुपयांत काम होते. ज्यांनी वायरिंगला कधी हात लावलेला नाही, त्यांनी हे साहित्य आणून पुढील जोडणी माहीतगार वायरमनकडून करून घ्यावी.

तीन व्हॅरिस्टर घ्यावेत, २० मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढे, आणि त्यांवर ‘२०डी ५११के’ हा क्रमांक असावा. दुकानदार बहुधा ‘४३१’ क्रमांकाची चकती पुढे करील, कारण २३० व्होल्टसाठी तीच जास्त खपते. ती २७५ व्होल्टपर्यंत सतत चालण्यासाठी बनवलेली असते. रात्री शेतीपंप बंद झाल्यावर खेड्यांतला दाब काही वेळा या मर्यादेच्या जवळ चढतो, तेव्हा ती चकती रोज थोडी थोडी तापून कमजोर होते. ५११ क्रमांकाची चकती ३२० व्होल्टपर्यंत निवांत राहते. तिचा तोटा असा की लाटेच्या वेळी ती दाब ७०० ऐवजी साधारण ८५० व्होल्टवर रोखते, पण घरगुती उपकरणे सामान्यतः त्याहून अधिक क्षणिक दाब सोसण्याच्या हिशेबाने बनवलेली असतात, म्हणून मी हा तोटा पत्करतो.

याखेरीज एक गॅस डिस्चार्ज ट्यूब लागेल, ६०० व्होल्टची आणि किमान ५ किलोअँपिअरची. दुकानात तिला जीडीटी म्हणतात. एक थर्मल फ्यूज, १० अँपिअर, २५० व्होल्ट, ११० ते १३० अंश सेल्सिअसला तुटणारा. भात शिजवण्याच्या कुकरसाठीचा १८५ अंशांचा फ्यूज घेऊ नये. ६ अँपिअरचा एक एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), २३० व्होल्टचा तयार निऑन इंडिकेटर, तीन किंवा चार ६ अँपिअरची सॉकेट, चांगल्या प्रतीचा तीन पिनांचा प्लग आणि दीड चौरस मिलिमीटरची तीन पदरी लवचीक वायर एक मीटर. पेटी लोखंडी, गॅल्व्हनाइज्ड असावी. लाकडी किंवा साध्या प्लास्टिकची पेटी कितीही सोयीची वाटली तरी वापरू नये, कारण व्हॅरिस्टर शेवटच्या घटकेला पेट घेऊ शकतो.

थर्मल फ्यूज का, हेही समजून घेतले पाहिजे. डीपीकडून येणारा न्यूट्रल तुटला, तर तीन फेजमधल्या असमान भारामुळे एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येतो. विजेची लाट मायक्रोसेकंदांत संपते, हा दाब मात्र मिनिटेच्या मिनिटे टिकतो, आणि चकती तो दाबून धरण्याच्या प्रयत्नात लालबुंद होते. बाजारातल्या स्वस्त बोर्डांत नेमका हाच फ्यूज गाळलेला असतो.

जोडणी

पेटीच्या तळाशी तीन पितळी कनेक्टर बसवावेत आणि त्यांना फेज, न्यूट्रल, अर्थ अशी चिठ्ठी लावावी. प्लगकडून आलेली फेजची तार आधी एमसीबीत, तेथून थर्मल फ्यूजमधून, आणि मग फेजच्या कनेक्टरवर आणावी. न्यूट्रल आणि अर्थच्या तारा थेट आपापल्या कनेक्टरवर याव्यात, आणि अर्थच्या कनेक्टरपासून पेटीच्या पत्र्याला रंग खरवडून, स्टार वॉशर घालून घट्ट जोड द्यावा.

आता पहिली चकती फेज आणि न्यूट्रलच्या कनेक्टरांमध्ये लावावी. दुसऱ्या चकतीचा एक पाय फेजला आणि तिसऱ्या चकतीचा एक पाय न्यूट्रलला जोडावा, आणि या दोन्हींचे उरलेले पाय एकत्र पिळून सोल्डर करावेत. हा मधला सांधा कोणत्याही तारेला न जोडता जीडीटीच्या एका टोकाला जोडावा आणि जीडीटीचे दुसरे टोक अर्थला द्यावे. चकत्या थेट अर्थला न जोडता मध्ये जीडीटी ठेवण्याचे कारण असे, की चकती जुनी झाल्यावर तिच्यातून थोडा प्रवाह पाझरू लागतो. तो अर्थकडे गेला तर घरातला आरसीसीबी (अर्थकडे गळती होताच वीज तोडणारा स्विच) विनाकारण पडू लागतो, आणि अर्थ तुटलेला असेल तर पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसतो. जीडीटी लाट येईपर्यंत ही वाट पूर्ण बंद ठेवते.

सॉकेटच्या तारा याच तीन कनेक्टरांवरून निघाल्या पाहिजेत आणि निऑन फेज-न्यूट्रलमध्ये लागला पाहिजे. त्यामुळे थर्मल फ्यूज तुटला की चकत्या, सॉकेट आणि दिवा तिन्ही एकदम बंद होतात, आणि संरक्षण संपलेले असताना टीव्ही चालू राहण्याचा प्रसंग येत नाही.

चकत्यांचे पाय शक्य तितके आखूड कापावेत. प्रत्येक मीटर तारेत साधारण १ मायक्रोहेन्री प्रेरकत्व (वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला तारेकडून होणारा विरोध) असते आणि ३ हजार अँपिअरची वेगाने चढणारी लाट त्या एका मीटरवर पावणेचारशे व्होल्टच्या आसपास दाब निर्माण करते. तो दाब चकतीच्या दाबात मिळून उपकरणापर्यंत पोहोचतो. तीन-चार सेंटिमीटरचे पाय पुरेसे आहेत, नीटनेटके दिसावे म्हणून तारांचे वळसे घालू नयेत. जिवंत भागांमध्ये आणि पत्र्यात किमान ८ मिलिमीटर अंतर ठेवावे.

थर्मल फ्यूज पहिल्या आणि दुसऱ्या चकतीच्या मध्ये, दोन्हींना टेकलेला बसवावा, त्याच्या पायांवर फायबरग्लासची स्लीव्ह चढवावी आणि तिन्ही वस्तू काचतंतूच्या टेपने बांधाव्यात. न्यूट्रल तुटल्यावर पहिली चकतीच तापते, म्हणून तिचा स्पर्श पक्का हवा. हा फ्यूज सोल्डर करताना सर्वाधिक लोक फसतात, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच तो आतून तुटतो. शक्य असल्यास क्रिंप करावा, म्हणजे धातूची नळी दाबून जोडावा. सोल्डर करावाच लागला तर पाय चिमट्याने फ्यूजच्या बाजूने घट्ट धरून ठेवावा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते, आणि नंतर मल्टिमीटरने सातत्य पाहावे.

चालू करण्यापूर्वी

प्लग सॉकेटबाहेर असताना मल्टिमीटरने पाहावे. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये निऑन धरूनही फार मोठा रोध दिसला पाहिजे, त्या दोन्ही पिना आणि अर्थ यांच्यात काहीच सातत्य नसावे, आणि अर्थची पिन ते पेटीचा पत्रा हा रोध १ ओहमच्या आत असावा. वायरमनने ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) लावून पाहण्याचा आग्रह धरला तर त्याला नम्रपणे थांबवावे. त्या दाबाला चकती उघडू लागते आणि सारे ठीक असूनही इन्सुलेशन खराब असल्याचा आकडा येतो.

नंतर भिंतीतले सॉकेट तपासावे. अर्थचे मोठे छिद्र वर असताना उजवीकडे फेज हवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला, तर आधी ते दुरुस्त करावे. पहिल्यांदा वीज देताना पेटी १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून चालू करावी. तो बल्ब मुळीच पेटता कामा नये आणि निऑन मात्र लागला पाहिजे. मग पेटी सरळ सॉकेटला लावून तासभर ठेवावी आणि प्लग काढून, झाकण उघडून चकत्या कोमट तरी झाल्या आहेत का ते पाहावे. झाल्या असतील तर दाब किंवा चकती यांपैकी एक चुकीचे आहे.

डिश, इंटरनेट आणि मीटरबोर्ड

एवढे करूनही डिशची केबल वेगळ्या वाटेने आली, तर वर सांगितलेले तत्त्वच मोडते. केबलसाठी एफ-कनेक्टरचा, ९० व्होल्टची गॅस ट्यूब असलेला रक्षक मिळतो. तो पेटीशेजारी बसवून त्याची अर्थची तार पेटीच्या अर्थच्या कनेक्टरलाच जोडावी, हातभराहून लांब नसावी. डिशसाठी गच्चीमागे स्वतंत्र सळई ठोकून ती घराच्या अर्थिंगपासून वेगळी ठेवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो कधीही मानू नये. १० ओहमच्या सळईतून १ हजार अँपिअर गेले, तर तिचा दाब १० हजार व्होल्टने वर चढतो, आणि दुसरी सळई तेव्हा शून्यावर असते. मध्ये सापडतो तो टीव्ही. स्वतंत्र सळई असलीच तर ती जाड तारेने घराच्या अर्थिंगशी जोडून टाकावी.

फायबर इंटरनेटची काच वीज वाहत नाही, परंतु खांबावरून घरात येणाऱ्या केबलमध्ये ताण पेलण्यासाठी बहुधा पोलादी तार असते. ती घराबाहेरच तोडून फक्त काच आत आणण्यास सेवा देणाऱ्या तंत्रज्ञाला सांगावे. राऊटर अर्थातच पेटीवर असावा. अंगणातल्या किंवा शेतातल्या कॅमेऱ्याची लॅन केबल हीही तितकीच मोकळी वाट आहे.

इन्व्हर्टर, फ्रिज आणि बोअरची मोटर या पेटीवर येत नाहीत. त्यांच्यासाठी मीटरनंतरच्या मुख्य बोर्डात टाइप २ दर्जाचा तयार सर्ज रक्षक परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा, आणि त्याच्या जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगावे. तो मोठी लाट खाली उतरवतो आणि उरलेली आपली पेटी सांभाळते. खर्चाची ओढाताण असेल, तर माझ्या मते क्रम असा असावा: आधी अर्थिंग, मग मुख्य बोर्डातला रक्षक, मग ही पेटी. खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या तारांना मात्र स्वतः कधीही हात लावू नये.

वापर आणि देखभाल

बटन बंद केल्याने उपकरण सुटत नाही. बटन फक्त फेज तोडते, न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात, आणि बटनातले काही मिलिमीटरचे अंतर लाटेला ओलांडता येते. प्लग काढून वीतभर लांब ठेवणे हे पेटीपेक्षाही खात्रीचे संरक्षण आहे, आणि सारी उपकरणे एका पेटीवर असल्याचा मोठा लाभ हाच, की एक प्लग आणि एक डिशची केबल ओढली की काम होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्याभोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज कोठे पडते आहे ते दाखवते; ४० च्या वर्तुळात विजा दिसू लागल्या की प्लग काढावा. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर पडत असेल, तर वीज १० किलोमीटरच्या आत आलेली आहे आणि त्यानंतर प्लगला, केबलला किंवा पेटीला हात लावायला जाऊ नये. टीव्ही गेला तरी चालेल.

गावात जवळ वीज पडून गेल्यावर, आणि एरवी वर्षातून एकदा रोहिणीच्या आधी, प्लग काढून पेटी उघडावी. चकतीवर चीर, काळा डाग किंवा फुगवटा दिसला, तर तिन्ही चकत्या आणि जीडीटी एकदम बदलावीत. डोळ्यांना काही दिसले नाही तरी तीन वर्षांनी चकत्या नव्या घालाव्यात, आणि बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. त्याच दिवशी अर्थिंगच्या सळईचा क्लॅम्प घासून, नट आवळून, सळईभोवती पडलेल्या भेगा मातीने बुजवाव्यात आणि पाणी सोडावे.